पौड ते एडन, टप्प्याटप्प्याने

सोमवार, १ एप्रिल १९५७. मुक्काम भरे.
देशात आजपासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे सुरू झाले, म्हणून मीही आजपासून रोजनिशी सुरू करीत आहे. सातवीत दोनदा नापास झालो, पण शुद्धलेखनात माझी कधी चूक निघाली नाही. हे कोठेतरी लिहून ठेवणे आवश्यक होते. आज सुट्टी. पौड-पुणे मोटारीचे नवे दरपत्रक दिवसभर पाठ केले. उद्या उतारूंसमोर अडखळणारा कंडक्टर मी नव्हे.
निश्चय : १) रोज लिहिणे. २) थोडक्यात लिहिणे. ३) रत्नाविषयी काही न लिहिणे.

मंगळवार, २ एप्रिल.
मोठा शोध लागला. एका टप्प्याचे पूर्वी दोन आणे पडत, त्याचे आता अर्धा पैसा सोडून बारा नवे पैसे झाले. पौड ते पुणे सहा टप्पे, म्हणजे बारा आणे, म्हणजे पंच्याहत्तर नवे पैसे. पण सहा टप्प्यांची सहा वेगळी तिकिटे फाडली तर बहात्तरच होतात! तीन पैसे वाचतात. तीनदा पडताळून पाहिले. वरच्या कचेरीत कोणाच्याही हे ध्यानात आलेले दिसत नाही.

बुधवार, ३ एप्रिल.
उतारूंना शोध सांगितला. सगळ्यांनाच तुकडे हवेत. कोथरूड आले तरी मी तिकिटेच फाडत होतो. गाडीला वीस मिनिटे उशीर. कोंडिबा ड्रायव्हर म्हणाला, "नथू, तिकिटं फाडतुयास का भुईमुगाच्या शेंगा सोलतुयास?" धनगरवाड्याच्या सावळाने सहा तिकिटे पागोट्यात खोचली आणि "लगीन हाय का काय कुनाचं?" असे विचारले. शोध लावणाऱ्यास प्रथम असेच सोसावे लागते.

सोमवार, ८ एप्रिल.
निश्चय क्रमांक तीन मोडावा लागत आहे. कारण गंभीर आहे.
सारजाआत्याला (माझ्या नात्याची नव्हे, सारे गाव तिला आत्या म्हणते) एडनहून पत्र आले. तिचा भाऊ भिवाजीकाका मुळशीच्या धरणावर फिटर होता. दीड वर्षापूर्वी तो एडनला तेलाच्या कारखान्यात गेला. बरोबर त्याची मुलगी रत्ना. रत्ना आत्याला पत्रे पाठवते. आत्याला वाचता येत नाही, म्हणून ती मी वाचतो, उत्तरेही मीच लिहितो. आता आत्या निरक्षर आहे हे रत्नाला ठाऊक आहे. म्हणजे पत्र खरे कोणासाठी असते हे कोणीही सांगेल. शिवाय शेवटी दर वेळी 'वाचणाऱ्यास नमस्कार' असते. आत्याला एक, मला वेगळा एक.
आज तिने लिहिले आहे, "येताना मला बोट फार लागली. इथं घरावरून विमानं जातात. वाटतं, आपलं माणूस यातून यावं."
आपलं माणूस. आत्याच्या सांगण्यावरून ते वाक्य दोनदा वाचले. तिसऱ्यांदा माझ्या मनाने वाचले.

मंगळवार, ९ एप्रिल.
पूर्वपीठिका लिहून ठेवतो. रत्ना शिवणाच्या क्लासला माझ्या मोटारीने जाई. उजवीकडच्या खिडकीची तिसरी जागा. तिला गाडी लागे. एकदा बावधनच्या उतारावर मी तिला लिंबू दिले. ती म्हणाली, "बरं वाटलं." इतर वेळी ती "पुणे, एक" एवढेच म्हणे. पण ते सर्वांनाच म्हणावे लागते. "बरं वाटलं" हे तिने दुसऱ्या कोणालाही म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.
बॅगेत रोज एक लिंबू असते. ती जागाही मी शक्यतो रिकामी ठेवतो.

गुरुवार, ११ एप्रिल.
विमानाने एडनला जाणार. ठरले. खर्चाची चिंता नाही. सहा टप्प्यांत तीन पैसे वाचतात, तर एडनपर्यंत किती टप्पे असतील! प्रवास जितका लांब तितकी बचत मोठी. हे गणित जगात फक्त मला सुचले आहे. ते कोंडिबाला सांगितले, ही चूक. त्याने पौडपासून पुण्यापर्यंत सर्वांना सांगितले. आता मला पायलटसाहेब म्हणतात.
कोंडिबाचे म्हणणे, "बोटीनं जा की येड्या, डेकचं तिकीट सस्त असतंय." त्याला विषय समजलेला नाही. तिने 'यातून' लिहिले आहे.

सोमवार, १५ एप्रिल.
आत्याचे उत्तर लिहिले. तिने सांगितले, "शेळी व्याली म्हनावं, दोन बकरी हायेत." ते लिहिले. खाली नेहमीप्रमाणे माझी एक ओळ घातली : 'सकाळच्या गाडीत तिसरी जागा रोज रिकामी असते.' आत्याला वाचून दाखवताना ती ओळ वगळली. समजणाऱ्याला समजेल.

सोमवार, २९ एप्रिल. पुणे.
लष्कर भागात जाऊन विमानाची एक तिकीट एजन्सी पाहिली. कारकून टाय लावतो, तरी त्याने मला बसा म्हटले. मुंबई ते एडन सरळ तिकीट सातशे दहा रुपये. मी गालात हसलो. टप्प्याटप्प्याने सांगा, म्हणालो. त्याने मुंबई-भावनगर, भावनगर-जामनगर, जामनगर-भूज, भूज-कराची असे मांडले, पुढचेही मांडले. बेरीज नऊशे चाळीस आली. पुन्हा करावयास लावली. नऊशे चाळीसच.
तो म्हणाला, "अहो, विमान आहे हे. मधे उतरलात की पुन्हा चढायचे पैसे पडतात. जितके तुकडे, तितकं महाग."
माणूस सज्जन आहे, पण दरपत्रक कच्चे. तुकडे पुरेसे लहान झालेले नाहीत, एवढाच याचा अर्थ.

शनिवार, ११ मे.
शाळेतून नकाशाचे पुस्तक मागून आणले. कराचीच्या पुढे अडचण आहे. सगळे पाणी. टप्पा कोठे मोडणार? एडनच्या अलीकडे एक ठिपका सापडला. सोकोत्रा. बेट असावे. सापडल्यावर फार हलके वाटले. सायंकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सोमवार, १३ मे. पुणे.
कारकुनाला ठिपका दाखविला. तो म्हणाला, "तिथं उतरून करणार काय तुम्ही?" मी म्हणालो, पुढचे तिकीट काढणार. त्याने चष्मा काढून पुसला. मग चहा मागविला. एकच कप मागविला, पण तो मला दिला.

सोमवार, १० जून.
पत्र आले. फोडून आधी शेवटचा नमस्कार पाहिला. आत्या म्हणाली, "आरं, वाच की. कुनी मेलं का?"
"बाबा माझं बघायला लागलेत. मार्गशीर्षात उरकू म्हणतात. तुझं काय म्हणणं आहे, आत्ये?"
मला विचारते आहे. उघड आहे.
आत्या म्हणाली, "लिही, पोरगा नीट बघा म्हनावं. घाई नगं." पहिले वाक्य मी लिहिले नाही. 'घाई नको' लिहून खाली रेघ मारली. आणि पुढे, पुष्कळ विचार करून, एकही खाडाखोड न करता : 'मार्गशीर्षाच्या आत येथून आपले माणूस विमानाने निघत आहे.'
पत्र पेटीत टाकल्यावर पेटी दोनदा हलवून पाहिली.

बुधवार, ३ जुलै.
पासपोर्टचा फॉर्म भरला. अक्षर छापल्यासारखे आले आहे. 'जाण्याचे कारण' या रकान्यात 'आपले माणूस' लिहिले. खोटे लिहिणे माझ्या स्वभावात नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट.
फॉर्म परत. कारणाच्या रकान्याभोवती तांबडे वर्तुळ. एडनमधून कोणी बोलाविल्याचे पत्रही जोडा म्हणतात. माझ्याकडे तिची अकरा पत्रे आहेत, पण नाव सारजाबाईंचे. या लोकांना वाचणाऱ्यास नमस्काराचा अर्थ कोण सांगणार?

गुरुवार, २२ ऑगस्ट.
चेकर चढला. तुकड्यांची तिकिटे पाहून म्हणाला, "नियमात बंदी नाही, पण तुझ्यामुळं गाडीला रोज उशीर. यापुढे सरळ फाडायचं." तिसऱ्या जागेवरून सावळाशीही तंटा. तो करडू घेऊन तेथेच बसणार म्हणाला. मी म्हणालो, राखीव आहे. तो म्हणाला, "कुनासाठी? वरीस झालं, त्यो मानूस काय चढंना!"
त्याला उठवले. तो उभा राहिला. करडू माझ्याकडे पाहत होते.

सोमवार, ९ सप्टेंबर.
शिल्लक एकशे अठरा रुपये. सरळ तिकिटाला पाच वर्षे लागतील. मार्गशीर्ष अडीच महिन्यांवर आहे. घाबरण्याचे कारण नाही. 'घाई नको' याखाली रेघ मारलेली आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर.
पत्र आले. जाड होते. पत्रात जे होते ते जसेच्या तसे उतरवितो.
"आत्ये, तुझं पत्र वाचून बाबा आधी हसले आणि मग डोळे पुसत बसले. म्हणाले, माझी बहीण कधी पुण्याच्या पुढं गेली नाही, आणि माझ्या पोरीच्या लग्नाला विमानानं निघते म्हणते! त्यांनी पगारावर उचल घेऊन तुझं तिकीट काढलं. लग्न मार्गशीर्षात आहे. मुलगा इथंच हिशेबनीस आहे, मालवणचा. मला पसंत आहे. तू येतेस म्हटल्यावर आता कसलीच हौस अपुरी राहिली नाही बघ."
आत्या उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "मी कवा म्हनलं इमानानं येते?" मी तिकिटाची ओळ पुन्हा वाचली. मग ती म्हणाली, "मला नेत्यात? खरंच नेत्यात?" आणि पदर तोंडाला लावला.  मग शेळीला जाऊन सांगून आली.
शेवटी दोन ओळी होत्या : "तुझी पत्रं अजून शाळेचे मास्तरच लिहून देतात ना? शुद्धलेखन किती छान. पण गाडीतल्या रिकाम्या जागेचं दर वेळी का लिहितात ते कळलं नाही. वय झालं असेल. त्यांना माझा नमस्कार."
या ओळी वाचल्या नाहीत. पत्रांत मी पुष्कळ घातले. रत्नाचे लिहिलेले गाळले ते आज प्रथमच. आत्या म्हणाली, "एवडंच?" म्हणालो, एवढेच.

मंगळवार, १ ऑक्टोबर.
गाडीत तीन उतारूंना परत द्यायचे पैसे चुकले. प्रकृती ठीक नसावी.

सोमवार, ७ ऑक्टोबर.
आत्याचा पासपोर्टचा फॉर्म भरला. सर्व रकाने मला पाठ आहेत. 'जाण्याचे कारण' : 'भाचीचे लग्न.' भिवाजीकाकाचे बोलावण्याचे पत्र जोडले. नकाशावर तिला एडन दाखविले. ती म्हणाली, "एवडंसं?" सोकोत्राचा ठिपका मी बोटाखाली झाकला.

शनिवार, १६ नोव्हेंबर.
पासपोर्ट आला. तांबडे वर्तुळ नाही. तिकीटही पाहिले. मुंबई ते एडन. मधे एकही टप्पा नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर.
आत्या भऱ्याहून चालत येऊन पिरंगुटला सकाळच्या गाडीत चढली. नवे लुगडे, पिशवीत डिंकाचे लाडू. मुंबईपर्यंत भिवाजीकाकाच्या ओळखीचे एक गृहस्थ सोबत. तिला तिसऱ्या जागेवर बसविले. ती म्हणाली, "ही जागा रिकामी कशी राहिली रं?"
चेकरची आज्ञा मोडली. पिरंगुट ते पुणे पाच टप्पे, पाच तिकिटे. बासष्टऐवजी साठ. उरलेले दोन पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने ते तिकिटांसकट पदराच्या गाठीत बांधले. रत्नीला दाखवते म्हणाली.
बावधनच्या उतारावर तिला लिंबू दिले. आणखी एक दिले, विमानासाठी. तिने विचारले, "रत्नीला काय सांगू तुजं?" मी तिकिटे टोचायचा पंच पुसत होतो. म्हणालो, मास्तर बरे आहेत म्हणून सांगा. ती म्हणाली, "कुटला मास्तर?" मी पंच पुन्हा पुसला. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. मग हळूच, कोंडिबाला ऐकू जाणार नाही असे म्हणाली, "आरं लेका, मला वाचाया येत न्हाई, पर डोळं हायेत. इमान-इमान करत बसलास. ती हितं व्हती तवा तोंडानं का न्हाई बोलला?"
 तेवढ्यात कोथरूड आले. दोन उतारू चढले, त्यांची तिकिटे फाडली.

सोमवार, १६ डिसेंबर.
आज सुट्टी. भऱ्यात कोणाचे पत्र वाचावयाचे नाही. आत्याची शेळी शेजारी बांधली आहे, तिला पाला टाकून आलो. आत्याने सांगितलेल्या तिथीप्रमाणे लग्न काल झाले असेल. नकाशाचे पुस्तक शाळेत परत दिले. मास्तर म्हणाले, कोरे करकरीत ठेवलेस, शाबास.

मंगळवार, १७ डिसेंबर.
पौडला सावळा चढला. सवयीने मागे उभा राहिला. त्याला तिसऱ्या जागेवर बसावयास सांगितले. करडू आता मोठे झाले आहे, त्याने खिडकीतून तोंड बाहेर काढले. सावळाने विचारले, "तुकडं न्हाई आज?"
नाही म्हणालो. पौड ते पुणे, एक. पंच्याहत्तर.
बॅगेतले लिंबू वाळले होते. ते भूगावला टाकले.