बेबी पदासह येणार

३ फेब्रुवारी

चि. बेबीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधी बातमीच येऊन पोचली. आमच्या ऑफिसातल्या क्लार्कने आदेश वाचून दाखवला, तोही लहान मुलांच्या वॉर्डच्या दारात उभं राहून. त्यामुळे झाडूवालीपासून सलाइन लावलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी ऐकला. तुमचं हॉस्पिटल कामगार खात्यातून आमच्या आरोग्य खात्याकडे येणार आणि तिथली काही पदं माणसांसकट इकडे हलणार. त्यात एक पद आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचं. आणि त्या पदावर कोण, तर आमची बेबी. अभिनंदन हो बाई!

आता मनातलं बोलते, नाहीतर मला अन्न पचायचं नाही. मला आनंद झालेला नाही. माझा जळफळाट झाला आहे. जुन्या इन्चार्ज निवृत्त झाल्या आणि वरच्यांनी त्यांचं पदच गोठवलं, तेव्हापासून हा वॉर्ड मी चालवते. काम इन्चार्जचं आणि हुद्दा साध्या सिस्टरचा. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते. पण खिडकीजवळची त्यांची खुर्ची आहे ना, तिच्यावर मी एकदाही बसले नाही. शेजारी स्टूल टाकून बसते. ऑर्डर हातात येईल त्याच दिवशी खुर्चीवर बसायचं, असं मनाशी ठरवलं होतं. आणि आता तिथं तू बसणार, जिला नाडी मोजायला मी शिकवलं! तुमच्या खात्यात माणसं कमी, म्हणून बढत्या भराभर. आमच्याकडची रांग म्हणजे मारुतीचं शेपूट. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काही उगाच नाही.

आमच्याकडे एक सिस्टर आहे, माझ्या खालोखाल सीनियर. तिला आम्ही कडक इस्त्री म्हणतो, कारण बाळ अंगावर ओकलं तरी हिच्या युनिफॉर्मची घडी मोडत नाही. ती मुद्दाम येऊन म्हणाली की घरचंच माणूस साहेब होऊन येतंय, आता माझी काय, चैनच आहे. मी तेव्हा थर्मामीटर झटकत होते. जरा जास्तच जोरात झटकला गेला.

आई मात्र हरखून गेली आहे. तुझा पलंग कुठं टाकायचा याची मापं घेऊन झाली.

लोभ आहे, पण सध्या जरा कमी आहे. कळावे.
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
बेबीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडू आलं, मग हसू आलं आणि मग चांगलाच राग आला. मी काय पद मागायला गेले होते? ऑफिसची माणसं आली, पलंग मोजले, कपाटं मोजली, ऑक्सिजनचे सिलिंडर मोजले आणि मग आम्हाला ओळीनं उभं करून मोजलं. कुणी कुठं जायचं हे त्यांनीच ठरवलं. निम्म्या सिस्टर बाहेर निघाल्यात. मागे आमच्या मुलांच्या वॉर्डाला कोण बघणार, देव जाणे.

आणि जळण्याचा मक्ता काय तू एकटीनं घेतला आहेस? मी तर लहानपणापासून जळते. तुझे उतरलेले फ्रॉक मला, तुझी पुस्तकं मला, वर पुस्तकांत तुझे मार्क लिहिलेले. नर्सिंगला गेले तर पहिल्याच दिवशी ट्यूटरबाईंनी विचारलं की त्या हुशार मुलीची बहीण ती तूच का. गुबगुबीत बाळाची शीर तुला डोळे मिटून सापडते. मला अजूनही दोनदा टोचावं लागतं. बाळाची आई माझ्याकडे रोखून बघते तेव्हा मला तूच आठवतेस आणि अस्सा राग येतो म्हणून सांगू!

इथं मला कुणाची बहीण म्हणून कोणी ओळखत नाही. तिथं आले की ऑर्डर माझ्या नावाची आणि विचारणार सगळे तुला. खुर्चीवर मी बसणार, आणि शीर सापडली नाही की हाका स्टुलाकडे जाणार. त्यात माझी काय शोभा? नागोबा म्हणे! तुझ्या बिळावर मी टपून बसले नव्हते.

लोभ कमी झाल्याचं कळलं. उरला असेल तेवढा जपून ठेव. आईला नमस्कार. पलंग भिंतीकडचा मला.
तुझी
बेबी

२२ फेब्रुवारी

चि. बेबीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

ताई ड्युटीवर आहे तोवर लिहून टाकते. हल्ली ती घरात बोलत नाही, भांडी बोलतात. कुकरचं झाकण असं आपटलं की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. मी म्हटलं, अगं, बहीणच येते आहे, कुणी परकी नाही. तर म्हणाली की परकी असती तर सोसलं असतं. तेव्हापासून माझंही जेवणात लक्ष नाही.

परवा डबा विसरून गेली होती, म्हणून तो द्यायला वॉर्डात गेले. ती पाठमोरी होती. फडकं घेऊन खुर्ची पुसत होती, हात, पाय, पाठ, सगळं. स्टुलाच्या पायांवर बोटभर धूळ, तिकडे लक्ष नाही. मी डबा टेबलावर ठेवला आणि तशीच घरी आले.

मला तुम्ही दोघी सारख्या. एक पेरू कापला तरी लहानपणी दोघी दुसरीच्या फोडीकडे बघत बसायच्या आणि आपली खायची राहून जायची. अजून तेच चाललं आहे. दोघी एका गावात असाव्यात ही माझी फार दिवसांची इच्छा. पण एकीनं दुसरीचं तोंड बघायचं नाही, अशा नकोत ग बाई. तुला सुचेल ते कर. मी लिहिलं हे ताईला कळू देऊ नकोस, नाहीतर कुकरनंतर माझी पाळी.

तब्येतीला जप.
आई

५ मार्च

चि. बेबीस,
ताईचे आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते. मी विनंती बदलीचा अर्ज दिला होता, तो मंजूर होऊन आला. जागा अजून कळायची आहे. खात्यात कुठंही चालेल असं मी लिहून दिलं आहे. मेट्रनबाईंनी पुष्कळ समजावलं. म्हणाल्या, बदली स्वतःहून मागितली की नव्या ठिकाणी ज्येष्ठता जाते, सगळ्यांच्या खाली नाव लागतं. मी म्हटलं, जगात कुणाच्याही खाली चालेल, बहिणीच्या खाली नको. त्यांनी अर्ज वर पाठवला.

वाईट वाटून घेऊ नकोस, किंवा घे वाटल्यास. कमरेची किल्ली काढून तुझ्या हातात द्यायची, एवढं माझ्याच्यानं झालं नसतं. तू येशील तेव्हा मी नसेन, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवते. वाफारा द्यायच्या मशीनचा प्लग ढिला आहे, त्याखाली पुठ्ठा सरकवावा लागतो. कोपऱ्यातल्या पलंगावरचा पोरगा सुईला घाबरत नाही, चिकटपट्टी काढायला घाबरतो. ती पाण्यानं भिजवून मगच काढायची. आणि खुर्चीचा मागचा डावा पाय हलतो. एकदम टेकू नकोस.

आईचं मागाहून बघू.
ताई

५ मार्च

ती. ताईस,
बेबीचा सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस, बसून वाच. मी पद सोडलं! ज्यांना जायचं नाही त्यांनी हुद्दा सोडावा आणि साधी सिस्टर म्हणून इथंच राहावं, अशी सवलत निघाली होती. मी सही करून मोकळी झाले. पद मात्र तुमच्याकडे येणारच, माझ्याशिवाय. इथल्या क्लार्कला तीनतीनदा विचारलं. तो वैतागून म्हणाला की रिकामं पद त्या वॉर्डातल्या सगळ्यांत सीनियर सिस्टरलाच मिळतं, दुसरं कुणाला मिळणार. म्हणजे तुला!

आधी सांगितलं असतं तर बेबीचे उपकार नकोत म्हणून तू थयथयाट केला असतास. उपकार नाहीतच. निम्मं कारण माझं आहे: तुझ्या डोळ्यांदेखत मला दोनदा टोचायचं नव्हतं. उरलेलं निम्मं म्हणजे तू रोज पुसतेस ती खुर्ची. ते मला कुणी सांगितलं हे विचारू नकोस, आणि कुकर आपटू नकोस.

आता जागची हलू नकोस. फक्त ऑर्डरची वाट बघ आणि ऐटीत बस. बसलीस की मला सविस्तर कळव, म्हणजे मी इथं निवांत जळत बसेन.

लोभ तर आहेच. यापुढे इन्चार्जबाईंनीही ठेवावा.
तुझी
बेबी

२९ मार्च

ती. सीनियर सिस्टर बेबीबाई यांस,
ताईचा सा. न. वि. वि.

मायना वाचून हसू नकोस, पुढं कळेल.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. तुझं वाचलं तेव्हा मी बसलेलीच होते, ती ताडकन उठले. तशीच मेट्रनबाईंकडे धावले. बदली रद्द करा म्हणून हात जोडले. त्या म्हणाल्या, कागद वर जाऊन मंजूर होऊन आला, आता त्यांच्या हातात काही नाही. इन्चार्जचं पद आलं. तू सोडलेलं, मी सोडलेलं. मग खालोखाल कोण? कडक इस्त्री! दोघींचं भांडण आणि तिसरीचा लाभ, दुसरं काय.

काल ती खुर्चीवर बसली. खुर्ची लखलखीत होती, सकाळी मीच पुसली होती. चार्ज देताना तिला सगळं सांगितलं. प्लग सांगितला, पुठ्ठा सांगितला, चिकटपट्टी सांगितली. डाव्या पायाचं तेवढं राहून गेलं. ती ऐटीत मागं टेकली आणि किंचाळली. पोरं खदखदून हसली. पहिल्यांदाच तिच्या युनिफॉर्मची घडी मोडलेली पाहिली, तेवढंच समाधान.

मग किल्ली द्यायची वेळ आली. गाठ सुटेना. सुटली तेव्हा मी रडले ग, सगळ्यांसमोर, त्या बाईच्या समोर! आणि त्याच वेळी मनात आलं की ही बेबीच्या हातात दिली असती तर मी भांडले असते, फणफणले असते, पण अशी रडले नसते.

आता माझी ऑर्डर ऐक. खात्यात कुठंही चालेल असं लिहून दिलं होतं ना मी? वरच्यांनी नर्स कमी पडलेलं हॉस्पिटल हुडकलं, तर कुठलं निघालं? पदं उचलून जे ओस पाडलं, ते आता आमच्या खात्यात आलेलं तुमचंच. लहान मुलांचा वॉर्ड. स्वतःहून मागितलेली बदली, म्हणून माझं नाव सगळ्यांच्या खाली, तुझ्याही. तू हुद्दा सोडलास तरी तिथली जुनी ती तूच. ज्या एका गोष्टीसाठी एवढा उपद्व्याप केला, तीच पदरात पडली. खुर्चीही गेली आणि बेबीच्या खालीही आले.

आई सामान बांधते आहे आणि बांधताना गुणगुणते आहे. दोन्ही मुलींच्या हातचं गेलं आणि हिला गाणं सुचतंय, म्हणून मी चिडले. तर म्हणाली की तिचं मागणं देवानं ऐकलं, आमचं आम्ही बघावं. पलंगाची मापं तिनं पुन्हा घ्यायला सांगितली आहेत. भिंतीकडचा मला हवा. तेवढ्याला तरी सीनियरपणा काढू नकोस.

गुबगुबीत बाळ आलं की पहिली सुई तू लावायची. मी शेजारी उभी राहीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. दुसऱ्यांदा टोचायची वेळ आली तर मात्र बोट धरून शीर दाखवीन. मग खुशाल जळ.

तुमच्या ड्युटीच्या खोलीत एखादं स्टूल असेलच. माझ्यासाठी पुसून ठेव. एकच असेल तर सरकून बस, मी येते.

लोभ होता तेवढा परत आला आहे. आता तुझा कमी करू नकोस.
तुझी ज्युनिअर
ताई