सासूबाई दुवे जुळवतात

आदरणीय ग्यू-सोक दादांना इन-होचा कमरेत वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? कारखान्यातला बॉयलर? (तुमच्या पत्रात बॉयलर वहिनींच्या आधी होता, मी क्रम सुधारून घेतला.) इकडे तुमची बहीण मि-रान बरी आहे, आणि आई तर इतक्या मजेत आहेत की आम्हालाच धाप लागते. तुमच्या फिशकेकच्या वेबसाइटची लिंक आमच्या पानावर अजून का दिसत नाही, असं तुम्ही विचारलंत. बुसानमध्ये धंदा बसत चाललाय, लिंक लागली तर गिऱ्हाईक वळेल, हेही लिहिलंत. त्यावरच येतोय, फक्त जरा वळसा घेऊन.

नोकरी सोडून मी आंबवलेल्या सोयाबीनवर वेबसाइट काढली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी कपाळावर हात मारलात, आणि तो बरोबरच होता. लोक यायचे, कृती उतरवून घ्यायचे आणि चालते व्हायचे. मग कळलं की पैसे वाचक देत नाहीत, दुसरे वेबसाइटवाले देतात. आपल्या पानावर त्यांचा दुवा, म्हणजे लिंक, लावायचा, की सर्च इंजिनला वाटतं, याची चार भल्या लोकांत ऊठबस दिसते, आणि ते त्याला वरच्या पाटावर बसवतं. मी दिसेल त्याला दुवा विकत सुटलो. टकलावरचं तेल, व्याजाने पैसे देणारे, एक जुगारवालासुद्धा (माणूस बोलायला फार गोड होता). थोड्याच दिवसांत सर्च इंजिनने आमचंच पान असं गाडलं की माझं मला सापडेना. मि-रानने त्या दिवशी जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

तेव्हा आईंनी पदर खोचला. आमच्या अर्ध्या जन्जू शहराची लग्नं त्यांनी जमवलेली (तरुणांनी लग्नाचंच नाव टाकल्यापासून बिचाऱ्या रिकाम्या बसून होत्या). दुवा म्हणजे काय ते मी समजावलं, तर म्हणाल्या, "म्हणजे सोयरीकच की. आणि जावईबापू, घर न बघता तुम्ही पोरी देत सुटलात होय?"

त्या दिवसापासून प्रत्येक संकेतस्थळाची (आई नुसतं 'स्थळ' म्हणतात) रीतसर चौकशी होते. मालकाला फोन करून घराणं विचारतात, आवाज ऐकतात, मधेच खोकून बघतात, की समोरचा तब्येतीची चौकशी करतो का. मातीचे रांजण करणाऱ्याला त्यांनी मीठवाला गाठून दिला. आता ते दोघे एकमेकांच्याही पानावर सुखाने नांदतात. सोलहून एक दलाल गाडी घेऊन आला. त्याला पोटभर सूप पाजून आईंनी वाटेला लावलं. "पानावर मालकाचा फोटो नाही. तोंड न दाखवणाऱ्याला मुलगी कोण देतं?" प्रत्येक दुव्याखाली उघड लिहून घेतात: दक्षिणा घेतली आहे, पण माणूसही पाहिला आहे. मी म्हटलं, असं कुणी लिहीत नाही. म्हणाल्या, सोयरीक जमली तर दारूचे तीन पेले, फिसकटली तर तीन थपडा, हा आमचा धंदा; थपडा मला खायच्यात, तुम्हाला नाही. दादा, पान हळूहळू वर आलं, मागणी वाढली, मि-रान बोलायला लागली. मी त्या बाईपुढे हात टेकले आहेत.

तुमचा नम्र,
प्यो इन-हो

ता. क. : तुमचंही स्थळ आईंनी पाहिलं. नाकारलं. माशात खोट नाही. पानावरच्या नंबरावर त्यांनी कितीदा तरी फोन लावला, कुणी उचलला नाही. म्हणाल्या, "जिथे हाकेला ओ नाही तिथे मी गिऱ्हाईक कशाला पाठवू?" मी म्हटलं, आई, अहो हा तुमचा मुलगा. म्हणाल्या, "नंबर ओळखीचा वाटलाच मला. त्याच्या घरचाही असाच वाजत राहतो."

आणखी एक ता. क. : पानावरची सगळ्यात वरची जागा त्यांनी रिकामी ठेवली आहे. मधवाला दुप्पट देत होता, त्यालाही दिली नाही. तुमच्या वतीने पैसे भरायला मी निघालो तर डोळे वटारले. "पोटच्या पोराला दुवा कुणी विकतं का? तो घरी येऊन न्यायचा असतो." तेव्हा छुसोकच्या सणाला या. तोवर निदान फोन उचला. दुपारच्या जेवणानंतर वाजतो तो त्यांचाच असतो.