दुभाषीचा कबुलीजबाब

फ्रेझ्नो, शुक्रवार दुपार

प्रिय येर,

पाकिटावर मी मुद्दाम माझं नाव टाकलं नाही. टाकलं असतं तर तू ते न फोडताच कुठल्या तरी खणात सारलं असतंस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. चौथीत मी तुझी छत्री हरवली तर तू अख्खा हिवाळा माझ्याशी बोलली नव्हतीस, आणि आता तर अकरा वर्षं झाली. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मिनेसोटात एव्हाना बर्फ पडला असेल, म्हणजे तुला घराबाहेर पडायचं निमित्तही नाही.

आधी बातमी सांगते. आज संध्याकाळी सहा वाजता वकिलीच्या परीक्षेचा निकाल आहे. हो, माझ्याच. फेब्रुवारीत नापास झाले, जुलैत परत बसले, आणि तेव्हापासून चार महिने जेवण अंगाला लागलेलं नाही. आत्ता दोन वाजलेत. माझा नवरा तुआ टायरच्या दुकानात कामावर आहे. घरी असता तर दर दहा मिनिटांनी 'लागला का?' विचारून त्याने मला वेड लावलं असतं, म्हणून मीच त्याला पिटाळलं. सासूबाईंनी भात भिजत घातलाय. पास झाले तर कोंबडी, नापास झाले तरी कोंबडी, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलंय.

सहा वर्षांपूर्वी मी हे खूळ डोक्यात घेतलं. दिवसभराच्या कॉलेजात जाणं शक्यच नव्हतं. कोर्टात आपल्या लोकांची दुभाषी म्हणून आज मर्सेड, उद्या स्टॉकटन अशी माझी पायाला भिंगरी. मग घरबसल्या शिकवणाऱ्या एका कॉलेजात नाव घातलं. घरबसल्या हे फक्त म्हणायला. मी शिकले ते गाडीत. कोर्टाच्या पार्किंगमध्ये जेवणाच्या सुट्टीत मांडीवर डबा, स्टिअरिंगला टेकवलेलं पुस्तक आणि कानात हॅलोरन सरांचं व्याख्यान. हे निवृत्त वकील, कफाने भरलेला आवाज, वर्गात विनोद करून स्वतःच हसणारे. रविवारी मी स्वयंपाकघरात त्यांचा तास लावायचे. सासूबाईंना वाटायचं की मी कुणाशी तरी गप्पा मारतेय. एकदा संगणकाच्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "म्हातारा केव्हाचा बोलतोय. जेवलाय का तो? विचार तरी." आणि खरंच एक ताटली वाढून त्याच्याशेजारी ठेवली. पुढच्या रविवारी मी सरांना हे सांगितलं तर त्यांनी सासूबाईंना हात जोडले. तेव्हापासून घरात माझ्या अभ्यासाला कुणी नावं ठेवली नाहीत.

अशा कॉलेजातल्या मुलांना पहिल्या वर्षानंतर आणखी एक परीक्षा असते. वकिलीची मुख्य परीक्षा ती 'बार', म्हणून हिला सगळे 'छोटी बार' म्हणतात. पहिल्या तीन खेपांत ती सुटली नाही तर पुढचं शिकलेलं सगळं पाण्यात जातं. मी दोनदा आपटले. कायदा येत नव्हता असं नाही. कलमं मला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती. सरांनी माझ्या सरावाच्या वह्या मागवून घेतल्या आणि एका संध्याकाळी फोन केला. म्हणाले, "काओ ली, दोन्ही बाजू काय म्हणतील ते तू फार सुरेख लिहितेस. पण जिंकतं कोण? ते तू एकाही पेपरात लिहिलेलं नाहीस."

मी वह्या उघडून पाहिल्या. खरंच नव्हतं लिहिलं. वादी असं म्हणेल, प्रतिवादी तसं म्हणेल, आणि पूर्णविराम. येर, इतकी वर्षं मी रोज शपथ घेऊन उभी राहते की समोरचा बोलेल तेच बोलेन, माझ्या पदरचं काही घालणार नाही. चोर 'मी' म्हणाला की मी 'मी' म्हणते. ज्याचं घर त्याने फोडलं तो 'मी' म्हणाला, की त्याचीही 'मी' मीच. स्वतःचं मत द्यायची जागाच अंगातून गेली होती. मग सरांनी मला गृहपाठ दिला की रोज घरात तीन निकाल द्यायचे, कारणांसकट. सासूबाई आणि तुआची भांडणं पूर्वी मी मान हलवत ऐकायचे, आता निवाडा सुनवायला लागले. पहिल्या आठवड्यात घरातली माझी किंमत पार उतरली. दोघं एक होऊन माझ्यावरच उलटले. पण तिसऱ्या खेपेला छोटी बार सुटली.

हे सगळं मी तुला का सांगत बसलेय, असं तुला वाटत असेल. सांगते, जरा धीर धर. 

या वसंतात फुआ काकूंच्या मयतीला मी गेले होते. मयतीचे विधी तीन दिवस चालले; दुसऱ्या दिवशी दुपारी तुझे बाबा दिसले. म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसून मयतासाठी जाळायच्या सोनेरी कागदाच्या होड्या दुमडत होते. मी खांबाआड व्हायला गेले, पण त्यांची नजर अजून कोवळ्या पोरांची आहे. त्यांनी हाक मारून शेजारी बसवलं आणि माझ्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. "वकीलीण होतेस म्हणे. मग इतकी हडकलीस कशाने? मला कळवलं असतंस तर भाजी पाठवली असती." एवढंच बोलले. त्या शनिवारपासून तुझा भाऊ दर आठवड्याला दारात मोहरीची पानं, गवती चहा आणि मुळे ठेवून जातो. बाबा आता त्याच्या घरामागच्या तुकड्यात पिकवतात. मोठं शेत गेलं ते गेलंच.

त्या शेताबद्दल आता लिहायलाच हवं. तुला आठवतंय ना, शनिवारी सगळे एकाच्या शेतात, पुढच्या शनिवारी दुसऱ्याच्या? आपण दोघी चेरी टोमॅटो तोडता तोडता निम्मे खायचो आणि तुझी आई मातीची ढेकळं फेकून मारायची. कुणी कुणाला मजुरी दिली नाही. तुझ्या बाबांनी उद्या त्यांच्या शेतात राबायचं, हाच हिशेब. आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने कुणाला पाठवायचं नाही, तांदूळ, भाजी, एखादी कोंबडी बरोबर द्यायची. मग एका शनिवारी तुमच्या शेतावर सरकारी तपासनीस आला. शेतात चौदा माणसं, एकाच्याही नावाने कामगारांचा विमा नाही. सुनावणी लागली आणि दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं. कामाचा माझा तो दुसराच महिना होता.

अधिकाऱ्याने विचारलं, या माणसांना कामाबद्दल काही दिलंत का? तुझे बाबा खोटं बोलायचे नाहीत. म्हणाले, हो, तांदूळ दिले, कोंबड्या दिल्या. मी तसंच इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, म्हणजे मजुरी दिली. बाबांना काहीतरी चुकतंय हे कळलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तुला तर माहितीये. तूच सांग ना यांना." आणि मी काय केलं? मी समोर बघून ते वाक्य इंग्रजीत म्हटलं. 'पोरी, तुला तर माहितीये. तूच सांग ना यांना.' अधिकारी गोंधळला, ही कोणाला पोरी म्हणतेय. तू मागच्या बाकावर बसली होतीस. तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला नाही, पण तो कसा असेल हे मला आजही दिसतं.

बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, गप्प का राहिलीस. मी म्हटलं, नियम आहे, दुभाषीला तोंड उघडता येत नाही, उघडलं असतं तर बाबांचाच तोटा झाला असता. तू माझं ऐकून घेतलंस, मान वळवलीस आणि गेलीस. दंड झाला, पुढच्या हंगामात मालकाने भाड्याने दिलेली जमीन काढून घेतली, तू नवऱ्याच्या मागे सेंट पॉलला गेलीस.

येर, ते खोटं होतं. असा नियम नव्हता. उलट नियम असा की, समोरच्याच्या रीतीभातीमुळे गैरसमज होतोय असं दिसलं तर दुभाषीने हात वर करायचा आणि म्हणायचं, इथे एक चालरीत आहे, साहेबांनी त्याबद्दल विचारावं. एक वाक्य. अधिकाऱ्याने मग विचारलं असतं, बाबांनी सांगितलं असतं. पुढे काय झालं असतं ते देव जाणे, पण निदान विचारलं तरी असतं. तो नियम मला पाठ होता, त्याच्यावरच मी दुभाषीची परीक्षा पास झाले होते. मी हात वर केला नाही कारण मी घाबरले. आपल्या माणसांची बाजू घेते असा शिक्का बसला तर पुन्हा बोलावणार नाहीत, ही भीती. शपथबिपथ सगळी नंतर सुचलेली.

जुलैत परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी बाबांकडे गेले आणि वाफ्यात उभी राहून त्यांना हे सांगितलं. ते गवती चहा कापत होते. कापायचं थांबले नाहीत. जुडी बांधून झाल्यावर म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या हातातला कागद लटलट हलत होता. नवीन पोर होतीस, घाबरलीस. पण येर माझ्यासाठी भांडून बसलीये, आणि तिच्याशी फोनवर बोलताना मला तुझं नाव गिळावं लागतं. आता माझं वय झालं, पोरी, इतकं गिळवत नाही." मग त्यांनी माझ्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला. परीक्षेच्या हॉलमध्ये दारावरच्या बाईने तो उलटसुलट करून पाहिला, आत काही लिहिलंय का म्हणून. मी ढसाढसा रडायला लागले. तिने घाबरून मला आत सोडलं.

जानेवारीत सँगर गावातल्या एका शेतकरीणबाईची अशीच सुनावणी आहे. तिने मला दुभाषी म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. म्हटलं, नोव्हेंबरपर्यंत थांब, जमलं तर मी तुझी वकील म्हणून तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. ती थांबलीये. ती बाई थांबलीये म्हणूनच मी सकाळपासून घड्याळ बघतेय. आणि खरं सांगू, या खेपेला मला वाटतंय की जमेल. प्रत्येक उत्तराखाली मी कोण जिंकतं ते लिहिलंय.

पाच वाजत आले. कोपऱ्यावरची टपालपेटी साडेपाचला उघडतात, त्याच्या आत मला हे टाकायचंय. सकाळपासून लिहून लिहून फाडतेय ते एवढ्यासाठीच. सहानंतर लिहिलं असतं आणि पास झाले असते, तर तुला वाटलं असतं, आता वकीलीण झाली, आता हिला मोठेपणाने माफी मागायला काय जातंय. नापास झाले असते तर दया मागतेय असं वाटलं असतं. आत्ता मी कुणीच नाही, फक्त तुझी काओ ली आहे, जिने तुझ्या बाबांच्या वेळी हात वर केला नाही आणि वर तुझ्याशी खोटं बोलली. मला माफ कर. निकाल तुला हवा असेल तर हे तुझ्या हाती पडेल तोवर यादी सगळ्यांना उघडी झालेली असेल, माझं नाव शोध. आणि नाव असो नसो, मला फोन कर.

अकरा वर्षं तुझीच राहिलेली,
काओ ली