कुंकू लागलेला बोल्ट

प्रिय अहो,

नाव घेऊन कधी हाक मारली नाही, आता तुम्ही नाहीत म्हणून मारेन असं वाटलं की काय? आज खंडेनवमी. तुमच्यावाचूनची पहिली. लेथ मशीनला हळद-कुंकू लागलंय आणि आज हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून लिहायला बसले.

ते मशीन तुम्ही बैलगाडीतून बाळापुरात आणलं तेव्हा सगळा बाजार हसला होता. शेतावरची इंजिनं दुरुस्त करता करता एक दिवस तुम्ही हैदराबादहून विमानाच्या चाकांना लागणाऱ्या बोल्टांचं काम घेऊन आलात! महायुद्ध पेटलं होतं, तिथल्या विमानदुरुस्तीच्या कारखान्याला माल पुरत नव्हता. विमान तर तुम्हीही जवळून पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक बोल्ट फर्म्यात घालून मापाला बसतो का ते पाहायचं काम मला दिलंत आणि चारचौघांत मला 'फर्मावाली' म्हणू लागलात. मी रागवायची. खरं सांगू? आवडायचं.

आणि ती खंडेनवमी! पेटीभर बोल्ट तयार, तेल लावायचं तेवढं राहिलेलं. सासूबाईंनी हत्यारांबरोबर तेही देवीपुढे मांडले, वर हळद-कुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं. दसऱ्याला सकाळी तुम्ही पाहिलं तर आट्यांत कुंकू घट्ट बसलेलं आणि त्याखाली गंज.

"पुसून दे की लेकरा," सासूबाई म्हणाल्या. "देवीचं पानी हाय ते, लोखंडाला काहून बाधंल?"

"आई, इमानात वर गेलेल्या मानसाला मधीच उतरता येत न्हाई."

एवढंच बोललात. माल वेळेत गेला नाही तर काम हातचं जाणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी घण घेऊन एकेक बोल्ट ठेचलात! किती भांडले मी तुमच्याशी. तुम्ही एकच बोल्ट शाबूत ठेवला, रुमालात बांधला आणि हिंगोलीहून गाडी धरलीत.

हैदराबादच्या कारखान्याचे साहेब काय म्हणाले ते तुम्ही आयुष्यभर त्यांच्याच आवाजात सांगत राहिलात. "खराब माल छुपाने वाले बहुत देखे मियाँ, दिखाने कू आया सो तुम पैले." मुदत वाढवून मिळाली. त्या दिवशी तुमचा मला केवढा अभिमान वाटला! तोंडावर मात्र कधी बोलले नाही.

एक राग आहे. विमान दाखवायला नेतो म्हणालात आणि उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन निघून गेलात. गेल्या महिन्यात निजामाचं राज्य गेलं तेव्हा विमानं गावावरून गेली. लोक तुरीत लपले. मी अंगणात उभी राहून बघत होते. कुणाची का असेनात, आपला बोल्ट असेल का हो त्यांत?

बंद पडलेल्या गाड्या आता सुरू झाल्यात. मीच लेथवर केलेल्या बोल्टांची पेटी उद्या जायची आहे. आज सासूबाई पूजेचं ताट घेऊन पेटीपाशी आल्या तेव्हा मी अडवायला उठले. त्यांनी झाकण लावलं. देवघरातून तो रुमालातला गंजका बोल्ट आणला, पाटावर ठेवला आणि त्यालाच कुंकू लावलं.

"ह्यो देवीचा," म्हणाल्या. "पेटीतले त्या वरच्या लेकरायचे."

मग पदर डोळ्यांना लावून बसल्या. मीही बसले.

फर्मा माझ्या हातात आहे तोवर न बसणारा एकही बोल्ट आपल्या दारातून बाहेर जाणार नाही. शब्द देते.

तुमचीच,
फर्मावाली