दुधाच्या कॅनचा ताल

बाई,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही तरुणपणी हंगेरीतल्या रोमा जिप्सींच्या वस्तीत बसून त्या गाणाऱ्या आजींची टेप केली होती ना, ती मी घालवली. एकच प्रत होती, आणि ती तुम्ही माझ्या हातात दिली होतीत. पुण्यातलं तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. टेप चालू आहे, आजी गाताहेत आणि मी शहाणपणा करते, "बाई, मागे खडखडाट फार आहे हो." तुम्ही कॅनमधलं दूध पातेल्यात ओतता, कॅन काखेत धरता आणि बडवायला लागता. "खडखडाट? अगं, या वस्तीत ढोलकी नाही, हा कॅनच आहे, आजीच वाजवताहेत! सगळे नाचताहेत ते याच्यावर. गाणं अभ्यासायला बसलीस की तांदूळ निवडायला?" खालच्या मजल्यावरच्या काकू भांडायला वर आल्या, तरी तुम्ही थांबला नाहीत.

आणि मी तांदूळच निवडले, बाई. इथे मस्कतला आल्यावर टेप कॉम्प्युटरवर घेतली, खरखर काढायला गेले आणि कॅन, चमचे, पायांचे आवाज सगळं पुसून टाकलं. नुसता गळा उरला, तर मी खूश! जपून ठेवली तीही तेवढीच फाईल. मग जुलैत इथल्याच अल् खुवैर भागात घर बदललं आणि टेपचा खोका चार दिवस गाडीच्या डिकीत राहिला. टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानातले रत्नागिरीचे चाचा टेप उलटीसुलटी करून म्हणाले, "गाडीत ठेवलीत, ताई? या उन्हात? सगळी चिकटलीय. खलास."

गेल्या आठवड्यात त्या आजींच्या नातीचं पत्र आलं. ती नाच शिकवते. आजीसारखा कॅन वाजवणारं आता तिच्या घरात कुणी उरलेलं नाही, तेवढा ताल ऐकवा, म्हणते. तेव्हापासून मी कानाला हेडफोन दाबून बसते. एका ठिकाणी दोन शब्दांच्या मध्ये चमचा वाजल्यासारखा वाटतो, पुन्हा लावलं की तोही नाही. तुमचे हात आठवून स्वयंपाकघरात डबा बडवून पाहिला. मुलगी म्हणाली, "आई, स्टॉप ना, प्लीज!" मला जमत नाही, बाई. काय करू, कुठून आणू?

काल नातीला उत्तर पाठवलं. लिहिलं की बाईंनी फक्त गळाच रेकॉर्ड केला होता, ताल घेतलाच नव्हता. तिने लगेच आभार मानले. खरं काय ते तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिते आहे, कारण हे पत्र कुठे पोस्टात टाकावं लागणार नाही.