बाबांच्या वहीतली पानं

४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या दवाखान्यातल्या रोजनिश्या तू आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिल्यास, त्याला दोन वर्षं झाली. यंदा साथीच्या रोगांवर प्रदर्शन भरतंय. मधल्या काचपेटीत बाबांची वही असणार आणि मांडायचं काम माझ्याकडेच. पण काल वही उघडली, तर काय! घटसर्पाच्या साथीच्या महिन्यातली पानं कुणीतरी पात्याने कापून नेलीत. शिवणीपाशी नुसत्या पट्ट्या उरल्यात.

माझा संशय एका बाईंवर आहे. त्या साथीत दगावलेल्या मुलांची त्या यादी करताहेत. संदर्भ अडला की माझ्याच टेबलाशी येतात, गोड बोलतात, बसतात मात्र खांबाआड. वाचनकक्षात पेन्सिलीखेरीज काही नेता येत नाही, पण बाईंची शाल केवढी! तीत अख्खं कपाट मावेल. ग्रंथपालांच्या कानावर घातलं. त्यांनी बाईंना येणं बंद करायला सांगितलंय.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला नमस्कार. उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी,
चिमी


९ जुलै

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीचा गुडघा बरा, तोंड त्याहून बरं चालतंय. तुला लहानपणापासून जो तो चोर दिसतो. साखरेचा डबा तू उघडायचीस आणि आळ मांजरावर! सहा पानांसाठी एवढा गाजावाजा कशाला? दुसरी वही मांड नि मोकळी हो. त्या बाईंच्याही मागे लागू नका. म्हाताऱ्या डॉक्टरचं खरडलेलं वाचतंय कोण?

प्रकृतीला जप. माया आहेच, ती वाढू दे.

दादा


१३ जुलै

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र चारदा वाचलं. पानं किती गेली ते मी लिहिलंच नव्हतं. मग सहा हा आकडा तुला कुठून कळला? वही आमच्याकडे आली त्या दिवशीची नोंद काढून पाहिली. सहा पानं तेव्हाच कमी होती.

आज बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, मला चोर ठरवलंत ते जाऊ दे, पण एक मुलगी यादीत यायची राहिलीय, आणि तिचं नाव तुमच्या वडिलांच्या वहीशिवाय कुठेच सापडायचं नाही.

दादा, काय असेल ते खरं लिही. रागावलेय, तरी बहीण तुझीच.

चिमी


१९ जुलै

चि. चिमीस,
अ. आ.

सोबत सहा पानं. जाळायला काढली होती, हात धजावला नाही.

त्या साथीत मी पाच वर्षांचा होतो, तू झाली नव्हतीस. औषधाची एकच कुपी उरली होती. शेजारच्या मुलीला तिच्या आईने दवाखान्यात आणलं, तोवर मला नुसता ताप होता. बाबांनी त्या माउलीला सांगितलं की औषध संपलं. मग घरी येऊन ते मला टोचलं. ती मुलगी दुसऱ्या दिवशी गेली. एक शब्दही न झाकता त्यांनी हे लिहून ठेवलंय.

बाबांना लोकांनी देवमाणूस म्हणावं म्हणून पानं कापली, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. तसं नाही गं. तिच्या वाटचं आयुष्य जगलेला म्हणून कुणी माझ्याकडे बघू नये, एवढंच मला हवं होतं.

मुलीचं नाव तिसऱ्या पानावर आहे. आधी बाईंना दाखव, मग काचपेटीत तेच पान उघडं ठेव. उद्घाटनाला मी येतोय. कुणी विचारलं की तो वाचलेला मुलगा कोण, तर मी त्या पेटीशेजारीच उभा असेन. बोट दाखव.

हवं तेवढं रागाव, पण लोभ सोडू नकोस.

दादा