एकच रोप वाचलं, तेही नर

...उतू गेलेलं दूध पुसून झालं होतं, अंथरुणं आवरून झाली होती, आणि पपई कापून मी बिया सालींबरोबर टाकायला निघाले, तेवढ्यात तुमचे भाऊ आतून ओरडले, "अगं, टाकू नकोस! झाडं लावू." जन्मात कधी कुंडीत तांब्याभर पाणी न घातलेला माणूस! मी म्हटलं, "लावाल तुम्ही आणि निस्तरीन मी." वन्सं, तेवढंही त्यांनी केलं नाही. त्याच आठवड्यात ते गेले आणि बिया खिडकीत वाळत पडल्या.

असो. आधी नमस्कार, मग गुडघा कसा आहे ते विचारते, मग माझं रडगाणं. (माझी तब्येत विचारू नका. जेवते, झोपते, वाचते.)

शाळा चौथीत सुटली तरी वाचायचं सुटलं नाही, म्हणून वाचनालयातून पपईचं पुस्तक आणलं. त्यात लिहिल्याप्रमाणे बियांवरचा वाळलेला पापुद्रा राखेत चोळून काढला, बिया पेरल्या. इतकी रोपं आली की मला हसू आलं. (बऱ्याच दिवसांनी.) पण घरातलं एक माणूस कमी झालं की हात रिकामे राहतात हो. सकाळी पाणी, दुपारी पाणी, मध्ये आठवण झाली की पाणी. रोपं बुडाशी काळी पडून एकेक आडवी झाली. रोपवाटिकेवाला म्हणाला, "काकू, रोपं आहेत ती, पाहुणे नाहीत. येता-जाता पाणी कसलं विचारता!" एकच वाचलं, फुटक्या बादलीमागचं. तिथे माझा हात पोचत नव्हता.

ते मात्र खिडकीच्या वर गेलं. फुलं आली तशी मी गल्लीभर सांगून आले. शेजारणीने कच्ची हवी की पिकलेली तेही सांगून ठेवलं. मग रोपवाटिकेवाल्याने पाहिलं. "काकू, फुलं लांब देठांना लोंबतायत. हा नर. फळ धरायचा नाही, काढून टाका." फोनवर मुलगाही तेच म्हणाला, "आई, फळ देणार नाही तर जागा कशाला अडवायची?" (या हिशेबाने आपल्या घरात किती माणसं उरली असती?)

पण त्यांचं खरं आहे. तुमच्या भावांनी राखायला सांगितलेली ती शेवटची वस्तू, पण वस्तूत माणूस नसतो एवढं मला कळतं. उद्या रोपवाटिकेवाल्याला कोयता घेऊन बोलावलं आहे.

तुमची वहिनी

ता. क. तुमच्या मागच्या दारची पपई फळते ना? तिच्या थोड्या बिया राखेत चोळून, सावलीत वाळवून पाठवा. मादी जवळ असली तर नराचाही उपयोग होतो, असं पुस्तकात आहे.

आणखी एक. काल पत्र टाकायचं राहिलं. आज तो कोयता घेऊन आला. त्याला चहा पाजून परत पाठवला. मग झाडापासून चार पावलांवर खड्डा खणला आणि त्यात शेणखत घातलं.